वही कोणी उघडली?

फुकट मिळणारी वस्तू नाकारायला धैर्य लागते, आणि हाती पैसा नसताना ती नाकारायला अधिकच लागते. १९९० च्या दशकाच्या आरंभी बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनिया या चिमुकल्या राष्ट्राने ते दाखवले. शेजारच्या फिनलंडने आपले जुने ॲनालॉग टेलिफोन एक्स्चेंज त्याला विनामूल्य देऊ केले होते. फिनलंड स्वतः नव्या डिजिटल यंत्रणेकडे वळत होता, तेव्हा जुने यंत्र गरजू शेजाऱ्याच्या उपयोगी पडावे असा सरळ हेतू होता. एस्टोनियाने ती भेट घेतली नाही. उभारायचीच तर डिजिटल यंत्रणा उभारू, असे त्या देशाने ठरवले.

त्या वेळची त्याची स्थिती पाहिली म्हणजे या नकाराचे मोल कळते. जवळजवळ पन्नास वर्षे सोव्हिएत संघराज्यात राहिल्यानंतर २० ऑगस्ट १९९१ रोजी एस्टोनियाने पुन्हा स्वातंत्र्य जाहीर केले. निम्म्याहून अधिक लोकांकडे दूरध्वनी नव्हता. बाहेरच्या जगाशी मॉस्कोला वगळून बोलण्याचे एकमेव साधन म्हणजे परराष्ट्रमंत्र्यांच्या बागेत लपवून ठेवलेला एक फिनिश मोबाइल फोन, असे त्या काळाविषयी सांगतात. रुबलची किंमत कोसळत होती. जून १९९२ मध्ये देशाने क्रून हे स्वतःचे चलन आणले आणि आठ क्रूनला एक जर्मन मार्क असा दर बांधून टाकला. बाकी सगळे शून्यातून सुरू करायचे होते.

देशाचा आकार ध्यानात यावा म्हणून एक तुलना. कोल्हापूर जिल्ह्याच्या साधारण सहापट भूमी, आणि माणसे मात्र २०११ च्या जनगणनेतील कोल्हापूरच्या एक तृतीयांश, म्हणजे अवघी तेरा लाखांच्या घरात. निम्मी भूमी अरण्याने व्यापलेली, किनाऱ्यालगत दोन हजारांहून अधिक लहानमोठी बेटे, आणि हिवाळा असा की दुपारीच अंधार पडावा. अशा विरळ वस्तीत गावोगाव सरकारी कचेऱ्या उघडून त्यांत कारकून बसवणे कोणत्याही गरीब सरकारला परवडण्याजोगे नव्हते. प्रगत तंत्रज्ञान ही श्रीमंतांची हौस असते असा आपला समज असतो. एस्टोनियात ते काटकसरीतून आले. फुकटचे जुने यंत्र घेतले असते तर पुढची कित्येक वर्षे त्याचे सुटे भाग शोधण्यात आणि जाणकार कारागीर सांभाळण्यात गेली असती. यंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते. देखभालीची किंमत रोज मोजावी लागते. हा हिशेब दुकान चालवणाऱ्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

वाघाची झेप

२१ फेब्रुवारी १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष लेनार्ट मेरी यांनी ‘टीग्रिह्यूप्पे’, म्हणजे ‘वाघाची झेप’, या नावाची योजना जाहीर केली. देशातील प्रत्येक शाळेत संगणक आणि इंटरनेट पोहोचवायचे, हा तिचा गाभा. कल्पना मुख्यतः तूमस हेंद्रिक इल्व्हेस यांची. निर्वासित एस्टोनियन आईवडिलांच्या पोटी स्टॉकहोममध्ये जन्मलेले, अमेरिकेत वाढलेले आणि शाळेतच संगणकाची आज्ञावली लिहायला शिकलेले हे गृहस्थ त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये एस्टोनियाचे राजदूत होते. पुढे ते दहा वर्षे राष्ट्राध्यक्ष झाले. शिक्षणमंत्री याक आव्हिक्सू यांनी कल्पना उचलून धरली.

तिचे सर्वत्र स्वागत झाले असे मात्र नाही. शिक्षकांचे पगार तुटपुंजे होते. आधी पगार वाढवा, संगणक कसले आणता, हा शिक्षकांचा प्रश्न अगदी रास्त होता. योजनेचा व्यवहारी भाग असा की राजधानीने सगळे आयते पाठवले नाही. स्थानिक पालिकांनाही खर्चाचा वाटा उचलावा लागला. ज्या वस्तूसाठी गावाने स्वतःची गाठ सोडली, ती वस्तू खोलीला कुलूप लावून धूळ खात पडली नाही. आपल्याकडच्या कितीतरी शाळांतील कुलूपबंद संगणककक्ष आठवले की ही अट किती शहाणपणाची होती ते कळते. नव्या शतकाच्या आरंभी देशातील सर्व शाळा इंटरनेटला जोडल्या गेल्या होत्या.

मुलांचे ठीक, पण मोठ्यांचे काय? येथे सरकारपेक्षा व्यापारी जगाने अधिक तत्परता दाखवली. १९९६ पासूनच एस्टोनियन बँका इंटरनेटवरून व्यवहार देऊ लागल्या होत्या. बँकांना त्यात उघड लाभ होता. खेड्यातली शाखा चालवणे महाग, आणि खिडकीशी येणारा प्रत्येक ग्राहक म्हणजे खर्च. २००१ मध्ये मोठ्या बँका आणि दूरसंचार कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी ‘वाता मायल्मा’, म्हणजे ‘जगाकडे पाहा’, या प्रतिष्ठानाकरवी प्रौढांना संगणक शिकवण्याची मोहीम काढली. सुमारे एक लाख माणसांना प्राथमिक धडे देण्यात आले. त्या देशाच्या दृष्टीने हा आकडा लहान नव्हे; दर दहा प्रौढांमागे एक जण त्या वर्गात बसला. ज्यांच्या घरी संगणक नव्हता त्यांच्यासाठी सार्वजनिक वाचनालयांतून इंटरनेटची सोय झाली. यात परोपकार किती आणि धंदा किती याची चिकित्सा करण्यात अर्थ नाही. धंद्याचे हित आणि लोकांचे हित एका दिशेने जात होते, ते चालकांनी वेळीच ओळखले, इतकेच.

हुंडीचा जुना न्याय

या पिढीतून जे निघाले ते आपल्या घराघरांत पोहोचले आहे, फक्त त्याचे मूळ गाव ठाऊक नसते. २००३ मध्ये आलेले ‘स्काइप’ एका स्वीडिश आणि एका डॅनिश उद्योजकाने काढले, पण त्याची आज्ञावली एस्टोनियन तरुणांनी टॅलिनमध्ये लिहिली. अमेरिकेत किंवा लंडनमध्ये स्थायिक झालेल्या मुला-नातवंडांशी पुण्या-सांगलीतली आजी-आजोबांची पिढी पहिल्यांदा समोरासमोर बोलली ती बहुधा या खिडकीतून. तोवर परदेशी फोन म्हणजे मिनिटामिनिटाचा हिशेब होता. २००५ मध्ये ही कंपनी २.६ अब्ज डॉलरला विकली गेली, आणि मे २०२५ मध्ये स्काइप बंदही झाले. मधल्या काळात तिथून बाहेर पडलेल्या लोकांनी आपापले नवे उद्योग उभे केले.

त्यांपैकी एकाची हकीकत पेढीवर वाढलेल्या माणसाला ओळखीची वाटेल. लंडनमध्ये राहणारे दोन एस्टोनियन मित्र. ताव्हेत हिन्रिकुस स्काइपमध्ये नोकरीला. त्यांना पगार युरोत मिळे आणि खर्च पौंडांत करावा लागे. दुसरे क्रिस्तो कायरमान. त्यांचा पगार पौंडांत आणि घरकर्जाचे हप्ते मायदेशी भरायचे. दोघेही दर महिन्याला बँकेला भरपूर वटाव देऊन पैसे उलट-सुलट पाठवत होते. मग त्यांच्या ध्यानात आले की पैसा सीमेपलीकडे नेण्याची मुळी आवश्यकताच नाही. दर महिन्याला बाजारातला खरा विनिमयदर पाहायचा. कायरमान यांनी हिन्रिकुस यांच्या लंडनच्या खात्यात पौंड भरायचे, हिन्रिकुस यांनी कायरमान यांच्या एस्टोनियातील खात्यात युरो भरायचे. रक्कम जागच्या जागी, हिशेब मात्र चुकता. २०११ मध्ये यातूनच ‘ट्रान्स्फरवाइज’, आजची ‘वाइज’, ही कंपनी जन्मली आणि २०२१ मध्ये तिचे समभाग लंडनच्या बाजारात आले.

मुंबईच्या पेढीवर रक्कम भरून कोलकात्याच्या पेढीवर हुंडी वटवणाऱ्या आपल्या पणजोबांना यात नवे काय ते कळले नसते. हुंडी चालत असे ती कागदावर नव्हे, लिहिणाऱ्याच्या पतीवर. या दोघा मित्रांचाही एकमेकांवर भरवसा होता म्हणून पहिला व्यवहार झाला. प्रश्न असा की जो भरवसा दोन मित्रांत किंवा दोन पेढ्यांत असतो, तो एका अख्ख्या राष्ट्रात, सरकार आणि नागरिक यांच्यात, कसा उभा करायचा? पन्नास वर्षे ज्या जनतेने हेरगिरी करणारी राजवट पाहिली, ती आपली सगळी माहिती पुन्हा सरकारच्याच यंत्रात का ठेवील?

प्रत्येकाची वही आपापल्या घरी

एस्टोनियाच्या यशाचे मर्म या प्रश्नाच्या उत्तरात आहे, आणि ते संगणकांच्या संख्येपेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

डिसेंबर २००१ मध्ये ‘एक्स-रोड’ नावाची व्यवस्था सुरू झाली. सर्व माहिती एका भल्या मोठ्या कोठारात भरावी, हा मार्ग एस्टोनियाने घेतला नाही. लोकसंख्येची नोंद तिच्या खात्याकडे, कराची कर खात्याकडे, वाहनांची वाहन खात्याकडे, रुग्णांची आरोग्य खात्याकडे. प्रत्येकाची वही आपापल्या घरी. एका खात्याला दुसऱ्याकडची माहिती हवी असेल तर तिने आपल्या सहीशिक्क्यानिशी विनंती पाठवायची. दुसऱ्याने अधिकार तपासून तेवढाच तपशील द्यायचा. आणि या देवाणघेवाणीची वेळेसह नोंद कायम राहायची. एका गावच्या आडत्याने दुसऱ्या गावच्या आडत्याला चिठ्ठी पाठवून एखाद्या खात्याची बाकी विचारावी, तसा हा प्रकार. चिठ्ठी मिळाली म्हणून कोणी आपली अख्खी वही पाठवून देत नाही.

याला कायद्याची जोड मिळाली. जी माहिती एका सरकारी खात्याकडे आहे तीच गोळा करण्यासाठी दुसरे वेगळे कोठार उभारण्यास मनाई आहे. परिणामी नागरिकाला आपला पत्ता किंवा जन्मतारीख दर कचेरीत नव्याने लिहून द्यावी लागत नाही. एकाच कागदाच्या साक्षांकित प्रती घेऊन टेबलामागून टेबल फिरणाऱ्या माणसाला हा नियम परीकथेसारखा वाटेल.

पण खरी गोष्ट यापुढची आहे. नागरिक सरकारी संकेतस्थळावर आपल्या ओळखपत्रानिशी प्रवेश करून पाहू शकतो की आपली नोंद कोणत्या कचेरीने, कधी उघडली. डॉक्टरांनी आपले कागद पाहिले? त्याचीही नोंद आहे. अकारण डोकावलेले दिसले तर तो जाब विचारू शकतो, आणि नुसत्या कुतूहलापोटी लोकांच्या नोंदी उघडणाऱ्या पोलीस कर्मचाऱ्यांना व इतरांना तेथे दंड झालेले आहेत. जुन्या पेढीवर मालक वही पाहत असे आणि मुनीम उत्तर देत असे. येथे मालकाच्या जागी नागरिक बसला आहे.

आपल्याकडे आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिला गेला, आणि संख्येच्या दृष्टीने पाहिले तर एस्टोनियाचा पसारा त्यापुढे कणभर आहे. आधारच्या संकेतस्थळावरही आपला क्रमांक गेल्या सहा महिन्यांत कोठे पडताळला गेला ते पाहण्याची सोय आहे. घरातल्या किती जणांनी ती कधी उघडून पाहिली, हे सहज विचारून पाहावे.

व्यापाऱ्याचा दिवस

२००२ पासून एस्टोनियात चिप असलेले ओळखपत्र देण्यात येऊ लागले. त्यात दोन गुप्त क्रमांक असतात: एक आपली ओळख पटवण्यासाठी, दुसरा सही करण्यासाठी. २००० च्या कायद्याने अशा डिजिटल सहीला हाताने केलेल्या सहीइतकेच मोल दिले. त्याच वर्षी कराचे विवरणपत्र इंटरनेटवरून भरणे सुरू झाले, आणि आज जवळजवळ सगळेच तसे भरतात. बहुतेक आकडे आधीच भरलेले असतात, ते पडताळायचे आणि सही करायची. नवी कंपनी काही तासांत नोंदवता येते. नफा धंद्यातच ठेवला तर त्यावर कर नाही, मालकांना वाटला तरच द्यावा लागतो. डिसेंबर २०१४ पासून परदेशी माणसालाही ‘ई-निवासी’ होऊन तेथे कंपनी काढता येते, आणि अशा ई-निवाशांची संख्या एक लाखावर गेली आहे. मात्र ई-निवास म्हणजे नागरिकत्व नव्हे, व्हिसाही नव्हे. आणि ज्या देशात राहून आपण धंदा करतो तेथला कर चुकत नाही, हे त्याची जाहिरात करणारे दलाल हळू आवाजात सांगतात.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने मोलाची गोष्ट वेगळीच आहे. कोणत्याही एस्टोनियन कंपनीचा वार्षिक ताळेबंद कोणालाही पाहता येतो, आणि ऑक्टोबर २०२२ पासून तर विनामूल्य. कंपनीकडे कराची थकबाकी आहे की नाही हेही पाहता येते. उधारीवर माल सोडण्यापूर्वी समोरच्याची पत दलालाकडून किंवा जातभाईंकडून चाचपण्याची जी आपली रीत, तिचे हे उघडे रूप.

सरकार आणि व्यापारी यांच्यात सारे गोडीगुलाबीने झाले असे समजू नये. २०१३ मध्ये तेथल्या सरकारने असा कायदा आणला की एक हजार युरोवरील प्रत्येक व्यवहाराची, गिऱ्हाईक आणि पुरवठादार यांच्या नावांसह, माहिती कर खात्याला द्यावी. जीएसटीत पुरवठादाराचे बिल आणि आपले बिल जुळेना म्हणून परतावा अडकलेल्या व्यापाऱ्याला हा प्रकार कोणता ते लगेच समजेल. तेथील व्यापारी संतापले. कोण कोणाकडून किती माल घेतो हे तर धंद्याचे गुपित! आणि आश्चर्य असे की राष्ट्राध्यक्षपदी बसलेल्या त्याच इल्व्हेस यांनी, ज्यांनी शाळाशाळांत संगणक नेले त्यांनीच, डिसेंबर २०१३ मध्ये त्या कायद्यावर सही करण्यास नकार दिला. व्यापाराचे स्वातंत्र्य आणि गुपित यांचा पुरेसा विचार झालेला नाही, हे त्यांचे म्हणणे होते. कायदा संसदेत परत गेला, दुरुस्त झाला आणि नोव्हेंबर २०१४ पासून लागू झाला. व्यापाऱ्यांना आकडे अखेर द्यावेच लागले. पण यंत्राला माहिती गोळा करता येते म्हणून सरकारने ती गोळा करावीच का, हा प्रश्न यंत्राचा पुरस्कार करणाऱ्याच माणसाने विचारला, याची नोंद घेतली पाहिजे.

आणि एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. इतकी उजेडातली व्यवस्था असलेल्या याच देशात, टॅलिनमधील एका डॅनिश बँकेच्या शाखेतून २००७ ते २०१५ या काळात सुमारे २०० अब्ज युरो वाहून गेले, आणि त्यांतला मोठा भाग संशयास्पद होता. ग्राहक बाहेरचे, मुख्यतः रशिया आणि भोवतालच्या देशांशी संबंध असलेले. नावे कागदी कंपन्यांची. बँकेतल्याच एका अधिकाऱ्याने वरिष्ठांना सावध केले होते. २०१८ मध्ये प्रकरण पूर्णपणे उघड झाले तेव्हा बँकेच्या प्रमुखांना जावे लागले, आणि २०२२ मध्ये ‘डान्स्के बँके’ने अमेरिकेत गुन्हा कबूल करून सुमारे दोन अब्ज डॉलर भरण्याचे मान्य केले. सरकारच्या वह्या चोख होत्या. पेढीच्या गल्ल्यावर बसलेल्यांनी डोळे मिटले होते. डिजिटल झाले की व्यवहार आपोआप शुद्ध होतात या भाबड्या कल्पनेला यापेक्षा सणसणीत उत्तर नसावे.

सांगावे की झाकावे?

सर्वस्व तारेवर टांगले की तार तोडणारेही येतात. एप्रिल २००७ च्या अखेरीस टॅलिनमधील सोव्हिएत सैनिकाचा कांस्य पुतळा हलवण्यावरून दंगल उसळली, आणि त्याच रात्रीपासून देशातील सरकारी संकेतस्थळे, बँका आणि वृत्तपत्रे यांच्यावर संगणकी हल्ले सुरू झाले. जगभरातल्या हजारो संगणकांवरून खोट्या मागण्यांचा पूर येऊन यंत्रणा गुदमरत होत्या. सुमारे तीन आठवडे हे चालले. देशातील सर्वांत मोठ्या बँकेलाही काही काळ इंटरनेटवरील सेवा थांबवावी लागली. पुढच्याच वर्षी नाटोचे सायबर संरक्षण केंद्र टॅलिनमध्ये स्थापन झाले.

त्यापेक्षा अवघड परीक्षा दहा वर्षांनी आली, आणि ती शत्रूने घेतलेली नव्हती. ३० ऑगस्ट २०१७ रोजी चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील मासारिक विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी एस्टोनियन सरकारला कळवले की त्यांच्या ओळखपत्रातील चिपमध्ये दोष आहे. पुरेशी संगणकशक्ती आणि पैसा खर्च केला तर कार्डाच्या उघड किल्लीवरून त्याची गुप्त किल्ली काढता येणे शक्य आहे. गुप्त किल्ली हाती लागणे म्हणजे त्या माणसाची सही हाती लागणे. असा दोष असलेली कार्डे थोडीथोडकी नव्हती. सुमारे साडेसात लाख, म्हणजे देशातील निम्म्याहून अधिक माणसांची. आणि स्थानिक निवडणुका महिना-दीड महिन्यावर होत्या, ज्यांत याच कार्डांनी इंटरनेटवरून मतदान व्हायचे होते.

कोणत्याही सरकारपुढे, खरे तर कोणत्याही पेढीपुढे, अशा वेळी दोन वाटा असतात. अजून कोणाचे नुकसान झालेले नाही, तेव्हा गुपचूप दुरुस्ती करावी आणि मग वाटल्यास सांगावे. किंवा आजच सांगावे आणि होणारा बोभाटा सोसावा. पहिल्या वाटेच्या बाजूने सबळ युक्तिवाद होता: दोष जाहीर केला की चोरांनाही तो कळणार. विरोधी पक्ष निवडणुकीच्या तोंडावर गप्प बसणार नव्हते. वर्षानुवर्षे जगभर मिरवलेला लौकिक पणाला लागला होता.

५ सप्टेंबर रोजी, म्हणजे इशारा मिळाल्यापासून आठवड्याच्या आत, पंतप्रधान यूरी रातास यांनी पत्रकार परिषद घेऊन देशाला सर्व काही सांगितले. कार्डांच्या उघड किल्ल्यांची जाहीर यादी बंद करण्यात आली, म्हणजे चोराला हल्ल्यासाठी लागणारी सामग्री सहज मिळू नये. तंत्रज्ञांनी रात्रंदिवस काम करून चिपमधील जुनी पद्धत बदलून नवी बसवण्याचा मार्ग काढला. घरबसल्या संगणकावरून कार्ड अद्ययावत करण्याची सोय झाली. एकाच वेळी लोक तुटून पडल्याने ती यंत्रणा अडखळली, आणि पोलीस ठाण्यांपुढे रांगा लागल्या. ३ नोव्हेंबरच्या मध्यरात्री दोषयुक्त प्रमाणपत्रे स्थगित करण्यात आली. डॉक्टर आणि इतर अत्यावश्यक सेवांतल्या माणसांना अद्ययावत करण्यात अग्रक्रम मिळाला. एकाही कार्डाचा दुरुपयोग झाल्याचे आढळले नाही. पुढे कार्ड पुरवणाऱ्या कंपनीशी सरकारचा वाद न्यायालयात गेला, तो भाग निराळा.

लोकांनी काय केले? दोष जाहीर झाल्यानंतर ऑक्टोबरमध्ये ज्या निवडणुका झाल्या, त्यांत सुमारे १ लाख ८६ हजार मतदारांनी इंटरनेटवरून मत दिले. तो तोवरचा उच्चांक होता. आपल्या मालातला दोष स्वतःहून सांगणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक परत का येते, हे ज्याने त्याने आपल्या अनुभवाशी ताडून पाहावे.

सर्वांच्याच शंका फिटल्या असे नाही. २००५ मध्ये इंटरनेटवरून मतदान सुरू झाले तेव्हा दहा हजारही मतदार पुढे आले नव्हते. २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते तशी पडली. मतदाराला आपले मत पुन्हा पुन्हा बदलता येते आणि शेवटचे ग्राह्य धरतात, त्यामुळे दटावून मत घेणाऱ्याचा डाव फसतो. प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन कागदी मत दिले तर ते श्रेष्ठ. तरीही २०१४ मध्ये संगणकतज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय पथकाने ही पद्धत बंद करण्याचा सल्ला दिला होता, आणि देशातला एक मोठा पक्ष आजही तिच्यावर विश्वास ठेवत नाही. ज्या मतदानाचा कागद मागे उरत नाही त्याची फेरमोजणी कशी करायची, या प्रश्नाला सर्वांचे समाधान करणारे उत्तर अद्याप मिळालेले नाही. २०२१ मध्ये एका घुसखोराने सरकारी कोठारातून २ लाख ८६ हजार नागरिकांची छायाचित्रे उतरवून घेतली, तेव्हाही सरकारने ते जाहीर केले आणि त्या प्रत्येकाला कळवले. काही गोष्टी मात्र या समाजाने बराच काळ जाणूनबुजून तारेबाहेर ठेवल्या: लग्न, घटस्फोट आणि घर-जमिनीचा सौदा. माणसाने तेथे जातीने हजर राहावे, दोन क्षण विचार करावा आणि मग सही करावी, अशी धारणा होती. त्यांतलेही काही अलीकडे इंटरनेटवर गेले आहे.

दुसऱ्या गावी ठेवलेली प्रत

दंग्याधोप्याच्या काळात वह्यांची एक नक्कल दुसऱ्या गावच्या सोयऱ्याकडे ठेवण्याची दक्षता एखादी जुनी पेढी घेत असे. एस्टोनियाने राष्ट्राच्या वह्यांबाबत तेच केले आहे. २० जून २०१७ रोजी लक्झेंबर्गशी करार झाला आणि तेथल्या एका सुरक्षित इमारतीत एस्टोनियाचे ‘माहिती दूतावास’ उभे राहिले. जागा लक्झेंबर्गची, पण संगणक एस्टोनियाचे. एस्टोनियाच्या अनुमतीवाचून यजमान देशाचा अधिकारीदेखील आत पाऊल टाकू शकत नाही.

या दक्षतेमागे इतिहास आहे. १९४० मध्ये सोव्हिएत सैन्याने देश व्यापला तेव्हा एस्टोनियाचे राज्य नकाशावरून नाहीसे झाले, तरी अमेरिकेने ते विलीनीकरण कधी मान्य केले नाही. न्यूयॉर्कमधली एस्टोनियाची वकिलात पुढली पन्नास वर्षे उघडी राहिली. एर्न्स्त याक्सोन हे मुत्सद्दी तेथून एका अस्तित्वात नसलेल्या देशाची पारपत्रे देत राहिले. त्या वेळी देशाचे कागद दूर देशी राहिले ते परिस्थितीने. आता ते ठरवून ठेवले आहेत. लक्झेंबर्गमधल्या त्या संगणकांत लोकसंख्येची नोंद आहे, भूमीची नोंद आहे, निवृत्तिवेतनाचे हिशेब आहेत, कंपन्यांची नोंदवही आहे, कायद्यांचे राजपत्र आहे आणि न्यायालयांतील खटल्यांचे कागद आहेत. उद्या टॅलिनमध्ये काहीही घडले तरी कोणते शेत कोणाचे, कोणत्या वृद्धाला किती वेतन देणे आहे आणि कोणती पेढी कोणाच्या नावावर आहे, हे तेथून सांगता येईल.